नवव्या घराचा नळ

आधी माफी मागतो. या अंकात आपल्या नोकरीविषयी जे लिहितात ते तीस-पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले असतात. कुणी रेल्वेत होते, कुणी बँकेत, कुणी विद्यापीठात. मी एकवीस वर्षांचा आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझी नोकरी जेमतेम दीड वर्ष टिकली. शिवाय माझं मराठी घरातलं. काशीतल्या आमच्यासारख्या घरांत मराठी उंबऱ्यापर्यंत चालतं, उंबरा ओलांडला की हिंदी. एखादा शब्द तिकडचा आला असेल तर संपादकांनी नीट करून घ्यावा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवून घ्यावं तर घरी तसं कुणी नाही.

पण माफी एवढ्याचीच. पुढे जे आकडे येतील त्यांची माफी मी मागणार नाही. एकदा एका आकड्याची मागितली होती. ती मागावीच लागली, कारण चूक माझी होती. दुसऱ्यांदा मागितली नाही, म्हणून नोकरी गेली. तेवढंच सांगायचं आहे.

काम असं होतं. शहरात एक खासगी प्रयोगशाळा आहे, नाव लिहीत नाही. तिच्याकडे गल्लीबोळांतल्या नळांचं पाणी तपासण्याचा ठेका होता. सकाळी कॉलेजच्या आधी मी ठरलेल्या घरी जायचो, काचेच्या नळीत पाणी घ्यायचो, त्यात एक छोटी गोळी टाकायचो. पाण्यात क्लोरिन असेल तर ते गुलाबी होतं. गुलाबी किती गडद ते रंगाच्या पट्टीशी लावून बघायचं आणि फॉर्मवर आकडा भरायचा. शून्य पूर्णांक दोनच्या खाली नसावा, एवढा नियम. बास. शाळेतलं पोरही करील असं काम. पण घरी मी ते सांगितलं तेव्हा बाबांनी आजोबांचं नाव काढलं. माझे आजोबा पाणके होते. ब्रह्माघाटाच्या आसपासच्या दशग्रंथी ब्राह्मणांच्या घरी पहाटे गंगेचं पाणी नेऊन भरायचे. बाबा दशाश्वमेधला एका पुरोहितांकडे यात्रेकरूंच्या स्वयंपाकात असतात. म्हणजे मीही शेवटी पाण्याकडेच आलो, फक्त नळी घेऊन.

क्लोरिनची थोडी ओळख करून देतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हॅलोजन नावाचं एक कुटुंब आहे. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन. फ्लोरिन फिकट पिवळा वायू, क्लोरिन पिवळट हिरवा वायू, ब्रोमिन तांबूस तपकिरी द्रव आणि आयोडिन काळसर चकचकीत खडे, जे जरा तापवले की जांभळ्या वाफेत उडून जातात. खाली येऊ तसा रंग गडद होत जातो. चौघांची अडचण मात्र एकच. प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात आणि हवे असतात आठ. एकाची कायमची भूक.

आमच्या मॅडम हे पंगतीसारखं समजवायच्या. फ्लोरिनचा अणू सगळ्यात छोटा, त्याच्या केंद्राचा हात बाहेरपर्यंत सहज पोचतो, म्हणून तो पंगतीत कुणाच्याही पानातलं उचलतो. क्लोरिनचं फ्लोरिनपुढे चालत नाही, पण ब्रोमिन आणि आयोडिन यांच्या पानातलं तो खुशाल ओढून घेतो. आयोडिनचा अणू एवढा मोठा की केंद्राचा हात बाहेर पोचेपर्यंत थकतो. त्याच्याकडून कुणीही घ्यावं. आणि एकदा का तो आठवा इलेक्ट्रॉन मिळाला की चौघेही शांत. मिठात क्लोरिनच आहे, पण पोट भरलेला. म्हणून मिठाला वास येत नाही आणि चिमूटभर मिठानं पाण्यातले जंतू मरत नाहीत. नळाच्या पाण्यात आपण टाकतो तो उपाशी क्लोरिन. तो जंतूंवर तुटून पडतो. पण त्याला निवड नसते. घाण भेटली तर घाण खातो, आणि खाल्लं की संपतो.

हे वाक्य लक्षात ठेवावं. मी ते वहीत लिहिलं होतं आणि तरी लक्षात ठेवलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटायची. एका गेस्ट हाउसच्या मालकांना चांगला अहवाल हवा होता. त्यांनी आदल्या दिवशी गच्चीवरच्या टाकीत ब्लीचिंग पावडरचा पुडाच रिकामा केला. मी गोळी टाकली, क्षणभर पाणी गडद गुलाबी झालं आणि बघता बघता पुन्हा बिनरंगी. क्लोरिन इतका जास्त की त्यानं रंगच खाऊन टाकला. पट्टीवर वाचायचं तर शून्य. ते मालक माझ्यावर इतके चिडले की मी ते पाणी दहापट पातळ करून दाखवलं, तेव्हा कुठे गुलाबी टिकलं. मग हळूच विचारतात, यात नहायला हरकत नाही ना? मी म्हटलं, नहा, पण रंगीत कपडे बाहेर ठेवा.

दुसरे एक मास्तर होते, दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून आलेले. दारूच्या बाटलीत हातपंपाचं पाणी घेऊन आले होते आणि बाटलीबद्दल तीनदा खुलासा केला. त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. पाण्यात फ्लोराइड निघालं. मास्तर म्हणाले, उकळून देतो. सांगावं लागलं की उकळून ते जात नाही, पाणी आटतं आणि ते मात्र तेवढंच राहतं. ते बाटली परत घेऊन गेले. मी आकडा बरोबर दिला होता, पण पुढे काय करायचं ते मला सांगता आलं नाही. ते अजून खुपतं.

आता त्या गल्लीकडे येतो. ब्रह्माघाटाकडून दूधविनायकाच्या बाजूला जाताना लागणारी एक लहान गल्ली, अकरा घरं, बहुतेक आपलीच. मुख्य नळ गल्लीच्या तोंडाशी, तिथून एकच लोखंडी पाइप शेवटपर्यंत. तिथे नववं घर माईंचं. माई सत्तरीच्या, सोवळ्याच्या कडक. घरात मुलगा आणि सून, वैशाली वहिनी. वहिनींना तेव्हा पाचवा महिना होता. आजोबा याच घरी पाणी भरायचे, त्यामुळे मला माई लहानपणापासून गजू म्हणतात.

पहिल्यांदा नमुना घ्यायला गेलो तेव्हा माईंचा नैवेद्य व्हायचा होता. नळ स्वयंपाकघरात. माईंनी दारातच थांबवलं. म्हणाल्या, "तुझ्या आजोबांचा हात चालायचा. ते ओल्या धोतरानं यायचे. तू पँटीवर आलायस." आणि पहाटे भरून ठेवलेल्या तांब्याच्या घागरीतून वरून धार धरून माझी नळी भरली. शेजारी तेच, पलीकडे तेच. मराठी घरं, सकाळची वेळ, सगळीकडे देवपूजा. अकराच्या अकरा घरी मला घागरीतलं पाणी मिळालं आणि मी ते घेतलं. दुसऱ्या कुणी हट्ट केला असता की नळाचंच द्या. मी त्याच रीतीत वाढलेला, मला ते वावगं वाटलंच नाही. सोवळ्यातल्या नळाला हात लावायचा नसतो, एवढं मला गोळीआधीच शिकवलेलं होतं.

अकरा शून्यं आली. मी त्याच दिवशी गल्लीत सांगितलं, पाणी उकळून प्या, क्लोरिन अजिबात नाही. अहवालातही तसं लिहिलं.

प्रयोगशाळेच्या मालकांनी दुसऱ्या माणसाला पाठवलं. त्यानं गल्लीच्या तोंडचा नळ सोडून पाणी घेतलं आणि शून्य पूर्णांक तीन आणलं. मला बोलावलं गेलं. घागरीत उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरिन काही तासांत निघून जातो हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. मी माफी मागितली. गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की माझी चूक झाली, अहवाल रद्द आहे. एक काका हसून म्हणाले, "अरे, पाणक्याच्या नातवाला पाणी ओळखू येईना." लोकांनी उकळणं बंद केलं. वहिनींनीही.

खरी चूक ही दुसरी होती. पहिली चूक शून्य लिहिण्याची. दुसरी, ते शून्य खोटं म्हणजे पाणी चांगलं असं समजण्याची आणि तसं लोकांना समजू देण्याची. त्या दुसऱ्या माणसानं एकच नळ तपासला होता. उरलेल्या घरांचं पाणी तोवर कुणीच तपासलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दहाव्या घरातल्या त्याच काकांना कावीळ झाली. मग अकराव्या घरात एकीला. माई मला घाटाच्या पायऱ्यांवर भेटल्या तेव्हा सहज म्हणाल्या, बरं झालं बाई, आमच्या नळाला आताशा तो औषधाचा वास येत नाही, देवाला वाहताना जीव कसनुसा व्हायचा. मी तिथेच थांबलो. वास येत नाही. घागरीला नव्हे, नळाला.

डॉक्टर असलेल्या एका ओळखीच्यांना विचारलं. पाण्यातून येणारी कावीळ इतरांना त्रास देऊन निघून जाते, पण पोटुशी बाईला ती जिवावर बेतू शकते, असं ते म्हणाले. वहिनींना तेव्हा सहावा महिना सरत आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ब्रह्माघाटावर तीन बुड्या मारल्या, आजोबांचं जुनं धोतर ओलंच नेसलो आणि नळ्यांची पेटी डोक्याच्या वर धरून गल्लीत शिरलो. थंडीचे दिवस होते. चहावाल्यानं हाक दिली, "का हो पंडित, पानी जाँचे आयल हउवा कि पिंडदान करावे?" सगळी चहाची टपरी हसली. मी थांबलो नाही. माईंच्या दारात उभा राहिलो, अंगावरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाल्या. नळाला हात लावू दिला.

अकराही घरी नळ सोडून, पहिलं पाणी वाहू देऊन, धारेतून नमुना घेतला. पहिल्या घरी शून्य पूर्णांक तीन. पुढे हळूहळू उतरत सातव्या घरी शून्य पूर्णांक दोन. हे समजण्यासारखं, जुन्या पाइपात क्लोरिन थोडाथोडा खर्च होतोच. आठव्या घरी रंगच नाही. नवव्या, दहाव्या, अकराव्या घरीही नाही. सातव्या आणि आठव्या घराच्या मध्ये तीन पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांखालून मोरीचं पाणी जातं. पाणी बंद असतं त्या वेळी रिकामा पाइप भेगेतून बाहेरचं ओढतो. क्लोरिन तिथे नाहीसा होत नव्हता. त्याला तिथे खायला मिळत होतं.

अहवालात मी हे सगळं लिहिलं, छोटा नकाशाही काढला. मालकांनी तो वाचला आणि चष्मा काढला. म्हणाले, "बेटा, फॉर्म में नंबर भरो, कहानी मत लिखो." आठव्यापासून पुढे शून्य पूर्णांक दोन भरायचं, ठेक्याचं नूतनीकरण आहे, एकदा त्या गल्लीनं आपली शोभा केलीच आहे. मला बोलता येत नाही असं नाही, पण कुणासमोर उभं राहून बोलायची आमच्या घरात सवय नाही. मग ते म्हणाले, "पिछली बार भी तुम्हारा शून्य ही था."

मी म्हणालो, "पिछली बार का शून्य मेरा था, सर. यह पानी का है."

आयुष्यात मोठ्या माणसाला दिलेलं माझं हे पहिलं उलट उत्तर. फॉर्मवर सही केली नाही. पेटी, गोळ्या, रंगाची पट्टी, सगळं टेबलावर ठेवून आलो.

घरी सांगितलं. बाबा भाजी चिरत होते, चिरत राहिले. मग म्हणाले, "पुराच्या दिवसांत तुझे आजोबा गढूळ पाणी कुणाच्या घरी नेत नसत. रिकाम्या घागरी घेऊन प्रत्येक दारी सांगायला जायचे की आज पाणी नाही. शिव्या खायचे." एवढं बोलून त्यांनी विळी मिटली.

गल्लीत माझ्या शब्दाला आता किंमत नव्हती. पेटी आणि गोळ्या तर गेल्याच होत्या. म्हणून ठरवलं, त्यांना माझ्यावर विश्वास ठेवायची वेळच येऊ द्यायची नाही. रसायनांच्या दुकानातून पोटॅशियम आयोडाइड आणलं. त्या दिवशी संकष्टी होती, माईंकडे साबुदाणा भिजत होता. त्यातला थोडा मागून उकळला आणि पातळ खळ केली. गल्लीच्या मधोमध पाट मांडला, त्यावर पांढरा कागद आणि कागदावर अकरा पेले. सांगितलं की ज्यानं त्यानं आपल्या नळाचं पाणी आपल्या हातानं आणायचं, नळ सोडून, घागरीतलं नको. बायका आल्या. काही चिडूनच आल्या.

प्रत्येक पेल्यात चिमूटभर आयोडाइड, चमचाभर खळ आणि दोन थेंब सिरका. एकीनं लिंबू आणलं होतं, ते घेतलं नाही. लिंबाचा रस आयोडिन लगेच गिळून टाकतो आणि निळं काही दिसतच नाही. आयोडाइड म्हणजे पोट भरलेला आयोडिन. पाण्यात उपाशी क्लोरिन असेल तर तो त्याच्या पानातला इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आयोडिन मोकळा पडतो आणि खळीला निळं करतो. पंगतीचाच न्याय. तो मी बायकांना मिठापासून समजावून सांगितला.

पहिला पेला निळा झाला. दुसरा, तिसरा. पुढे निळा फिकट होत गेला, सातव्यात खूप धुतलेल्या साडीसारखा, वरून डोकावलं तरच दिसणारा. आठवा तसाच राहिला, साबुदाण्याच्या पाण्यासारखा. नववा, दहावा, अकरावाही. मग कावीळवाले काका, पिवळ्या डोळ्यांनी दारात बसलेले, म्हणाले पेले खराब असतील. त्यांच्या बायकोनं पहिल्या घरचा पेला स्वतः धुतला, त्यात आपल्या नळाचं पाणी आणलं, आपला पेला पहिल्या घरी दिला. पुन्हा सगळं केलं. रंग पेल्याबरोबर गेला नाही, पाण्याबरोबर गेला.

माईंनी विचारलं, "मिठात पण हेच म्हणालास ना तू? मग नळात मीठ टाकून चालायचं नाही?" काही जणी हसल्या. मी सांगितलं, त्याचं पोट भरलेलं असतं, माई. मग वहिनींच्या हातातला पाण्याचा तांब्या त्यांनी काढून घेतला आणि मोरीत ओतला. माईंनी भरलेलं पाणी मोरीत ओतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढचं काम मी केलं नाही, त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी सात बायका पाण्याच्या कचेरीत गेल्या. अर्जासोबत पेले घेऊन. साहेब भेटत नाहीत म्हटल्यावर तिथल्याच नळाचं पाणी घेऊन त्यांनी बाकावर प्रयोग मांडला. साहेब बाहेर आले म्हणे. अर्ज घेतला, बघतो म्हणाले. मी त्या दिवशी कॉलेजात होतो, अकार्बनी रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. मला हॅलाइड ओळखायचं आलं होतं. सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पांढरा साका पडला, अमोनियात विरघळला. क्लोराइड. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, याचा व्यवहारात उपयोग काय. मी सांगायला लागलो आणि त्यांनी हात वर करून थांबवलं, कारण मागे रांग होती.

त्यानंतर गल्लीतून काही कळेना. मी नोकरीत नव्हतो, त्यामुळे मला कळवायचं कुणावर बंधन नव्हतं. एक दिवस पाहिलं तर पायऱ्या खणलेल्या होत्या आणि काम अर्धवट पडलेलं. पुन्हा गेलो तर पायऱ्या बसवलेल्या, पण आत काय केलं ते सांगायला कुणी नाही. वहिनींच्या घरी दोन वेळा पाणी उकळतं एवढं बाबांकडून कळायचं. मी रोज दिवस मोजायचो. सातवा सरला. आठवा लागला. काशीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या एकदोघांनी समजावलं की शिक्षण कर, पुढे चांगली नोकरी लागेल, या भानगडीत पडू नकोस, तुझ्यासारख्याला हे परवडणारं नाही. मी मान हलवली. पण इथे लिहून ठेवतो की परवडलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सही करणार नाही. आणि घागरीतलं पाणी घेणार नाही.

हा लेख इथेच संपवणार होतो, कारण शेवट मला माहीत नव्हता. संपादकांना तसं कळवलंही होतं. मग परवा सकाळी फोन वाजला. माई फोन फारसा करत नाहीत, करतात तेव्हा ओरडून बोलतात.

"गजू, नळाला वास येतोय," त्या म्हणाल्या. "पूर्वी यायचा तस्साच. देवापुढे ठेववत नाही इतका."

मागे वहिनींचा हसण्याचा आवाज आला आणि त्याच्याही मागे एक अगदी बारीक, नवा, रडण्याचा. मी विचारायच्या आधीच माई म्हणाल्या, "दोघी बऱ्या आहेत. बारसं बाराव्या दिवशी." मी म्हटलं, माई, तरी अजून आठ दिवस उकळूनच द्या, मी येऊन तपासतो, उद्या पहाटे बुडी मारून येतो.

"मी आज घागर भरलेली नाही," माई म्हणाल्या. "तू आत्ता ये. पँटीवर आलास तरी चालेल."